सर्जरीत एमएस करून पोषणावर संशोधन केलं तर करिअर वाया जाईल का? (पुणे)

अजिबात नाही. ‘जेवणाचं डाएटिशियन बघेल’ असं युनिटमध्ये ऐकवतात, हे तुम्ही लिहिलंय ते मनापासून खटकलं. ऑपरेशन उत्तम होऊनही रुग्ण खंगून दगावतो, ही व्यथा सर्जनचीच आहे. अमेरिकन सर्जन स्टॅन्ली डुड्रिक रेसिडेंट (शिकाऊ डॉक्टर) असताना याच अनुभवाने हलले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्यांनी बीगल जातीच्या कुत्र्याच्या पिल्लांना फक्त शिरेतून पूर्ण आहार दिला आणि पिल्लं व्यवस्थित वाढली! १९६८ साली ते काम प्रसिद्ध झालं. आजचं टीपीएन, म्हणजे शिरेतून दिला जाणारा संपूर्ण आहार, तिथूनच आलं.

आपल्याकडे ‘सलाईन चालू आहे’ म्हटलं की नातेवाईक निर्धास्त. एक लिटर ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या (ग्लुकोजच्या) सलाईनमध्ये २०० कॅलरीसुद्धा नसतात, प्रथिनं तर शून्य.

पुण्यात आहात, तर इथल्या केईएम रुग्णालयाचे मधुमेह संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम आधी वाचा. दिसायला बारीक, पण आत चरबी जास्त, हे भारतीय शरीर त्यांनी दाखवलं. नुसत्या वजनकाट्यावर विसंबणाऱ्या सर्जनने तर ते वाचायलाच हवं. प्रबंधासाठी ऑपरेशनआधी मुठीची पकड (स्नायूंची ताकद) मोजा, सहा महिन्यांत किती वजन घटलं ते विचारा आणि पुढे जखम कशी भरते ते नोंदवा. एथिक्स कमिटीची परवानगी मात्र आधी.