तळमजल्यावरच्या जुन्या, ओलसर कोब्यावर लाकडी फ्लोअरिंग घालता येईल का? (सोलापूर)

येईल, पण आधी ओल कुठून येते ते शोधा. फक्त भिंतीलगतचा पट्टा ओला असेल तर बहुधा पाइप गळतोय किंवा बाहेर पावसाचं पाणी साचतंय. ते बंद न करता वर काहीही घाला, पैसे पाण्यात.

सगळीकडेच शंका असेल तर दोन बाय दोन फुटांचा जाड प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी टेप लावून कोब्यावर पक्का चिकटवा. दुसऱ्या दिवशी उचला. आतून थेंब दिसले किंवा खालचा कोबा काळपट पडला, की समजा जमिनीतून ओल चढतेय. हे मे महिन्यात मात्र करू नका. आपल्याकडे ४० अंशांच्या पुढे कुठलाही कोबा ठणठणीत वाटतो. सप्टेंबरातल्या पावसात बघा, खरं काय ते कळेल.

ओल किरकोळ असेल तर इपॉक्सीचा ओलरोधक थर, त्यावर २०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद (जोडावर ६ इंच चढवून, टेप लावून), मग फोम आणि फळ्या. भिंतीलगत १० मिमी फट हवीच, नाहीतर पावसाळ्यात फळ्या फुगून मध्ये उचलतात. स्कर्टिंगखाली ती दिसतही नाही.

ओल जास्त असेल तर सरळ शहाबादी घाला. उन्हाळ्यात पायालाही गार लागते.