एकाच फोटोचे पोलरॉइड तुकड्यांसारखे कोलाज फोटोशॉपमध्ये कसे करायचे?

फोटो कापू नका. तो जागेवर स्थिर ठेवा आणि त्यावर क्लिपिंग मास्कच्या (म्हणजे वरचा लेयर फक्त खालच्या लेयरच्या आकारातच दाखवणाऱ्या) चौकटी फिरवा. फोटोचे खरोखर तुकडे करून फिरवले की चित्र जुळत नाही, बहुतेक जण तिथेच अडकतात. अल्बमची पानं मी याच पद्धतीने करते.

- सगळ्यात खाली एखाद्या रंगाचा लेयर. त्यावर पांढरा आयत, त्याला ड्रॉप शॅडो.
- आयताच्या आत काळा चौकोन, वेगळ्या लेयरवर.
- त्यावर फोटोचा लेयर ठेवून कंट्रोल+ऑल्ट+जी दाबा, म्हणजे क्लिपिंग मास्क लागेल. आता फोटो फक्त काळ्या चौकोनातच दिसेल.
- आयत, चौकोन आणि फोटो या तिन्हींचा ग्रुप करा. ग्रुपची कॉपी काढून त्यातले फक्त आयत आणि चौकोन निवडा, कंट्रोल+टी दाबून सरकवा, थोडे तिरके करा. फोटोच्या लेयरला हात लावायचा नाही. असे पंधरा-वीस ग्रुप पुरतात.

चौकट खरी वाटायला हवी तर माप पाळा: पोलरॉइड ६०० फिल्मचा कागद साधारण ८८ × १०७ मिमी आणि त्यातलं चित्र ७९ × ७९ मिमी असतं, म्हणून खालची पट्टी जाड दिसते. चौकटीची कड कुणाच्या डोळ्यावरून जाऊ देऊ नका, फार विचित्र दिसतं.

एक अडचण मात्र आहे: प्रत्येक ग्रुपमध्ये अख्खा फोटो असल्याने फाइल फुगते.