शी दाबून ठेवणारी चिमी

"मॅडम, पोरगी तीन वर्षांची झाली, पॉटीवर बसतच नाही, डायपर घातलं तरच करते, आणि आता तर चार-चार पाच-पाच दिवस करतच नाही, नुसता हट्ट." मी बेळगावात समुपदेशक आहे, माझ्याकडे येणाऱ्या आयांच्या तोंडून हे मी नेहमी ऐकते, आणि एप्रिल-मेमध्ये तर जास्तच, कारण जूनला नर्सरी सुरू होणार असते आणि शाळेनं आधीच सांगून ठेवलेलं असतं की डायपर चालणार नाही. म्हणून एक केस लिहिते. ओळख पटेल असं सगळं बदललंय, मुलीला आपण चिमी म्हणू.

घर अनगोळ भागातलं, बाबा उद्यमबागेत फाउंड्रीत शिफ्टला, आई घरीच ब्लाऊज शिवते, आणि आजी येळ्ळूरची, खमकी. आईची तक्रार अशी की शी आली की चिमी पडद्यामागं जाऊन उभी राहते, पाय एकमेकांवर घट्ट दाबते, टाचा वर करते, तोंड लालबुंद, अंगाला घाम. "एवढी कुंथायलीय बगा, तरी होत न्हाई, आणि पॉटीवर बस म्हटलं की किंचाळते." मी म्हटलं, पुढच्या वेळी मोबाईलवर थोडं शूटिंग करून आणा. अशा केसमध्ये मी हे हमखास मागते, कारण दहा मिनिटं ऐकून जे कळत नाही ते अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओत दिसतं.

व्हिडिओ बघितला तर पोरगी कुंथत नव्हतीच, ती शी दाबून धरत होती. हे बहुतेक घरांत उलटं समजलं जातं. कुंथणारं मूल गुडघे वाकवतं, खाली बसतं, पुढं झुकतं. दाबणारं मूल ताठ होतं, चवड्यांवर उभं राहतं, कुल्ले आवळून धरतं, कुठलं तरी टेबल नाहीतर पलंगाची कड पकडतं. आणि आपण शेजारी उभं राहून "कर, कर, जोर लाव" म्हणत असतो, म्हंजे ती जिवाच्या आकांतानं दार बंद करतेय आणि आपण बाहेरनं ढकलतोय.

मग मागचं विचारलं. मार्चमध्ये ताप येऊन गेला होता, तेव्हा खाणं-पाणी कमी झालं, शी खड्यासारखी झाली, एकदा रक्ताची रेघ दिसली आणि चिमी जाम रडली. आईला हे सगळं आठवत होतं पण तिनं ते कधी पॉटीशी जोडलंच नव्हतं. त्याच आठवड्यात नवी कोरी पॉटी घरात आलेली, नर्सरीची तयारी म्हणून! तीन वर्षांच्या मुलाचा हिशेब सरळ असतो, शी केली की दुखतं, म्हणून करायची नाही. पण दाबलं की आतलं पाणी आतडं शोषून घेत राहतं, शी अजून कडक आणि जाड होते, पुढच्या वेळी अजून दुखतं, मग अजून दाबायचं. यात हट्ट कुठं आला?

वर घरातले उपाय. आजीनं विड्याच्या पानाचं देठ तेलात बुडवून शीच्या जागी लावलं, एकदा साबणाचा तुकडा, एकदा एरंडेल. बाबांनी दोनदा आवाज चढवला. आजोबांनी "केलीस की कुंदा" (आपली बेळगावची खव्याची मिठाई) असं आमिष ठेवलं, आणि पोरगी कुंद्यासाठी हट्ट करून रडायची पण बसायची काही नाही. आजीला मी वाईट म्हणणार नाही, आपल्याकडं पिढ्यान् पिढ्या असंच चालत आलंय. पण ज्या जागेला हात लावायचीच पोराला भीती बसलीय तिथंच धरून काही घालायचं म्हटल्यावर भीती वाढणारच की. हे सगळं त्या दिवसापासून बंद करायला सांगितलं.

आणि पॉटी ट्रेनिंगपण बंद. यावर आई जवळजवळ रडायलाच आली, "अहो जूनला शाळा हाय!" मी म्हटलं, ताई, शाळेचं शाळेत बघू, आज तिला डायपर परत द्या, पॉटी कपाटात ठेवा, आणि आधी बालरोगतज्ज्ञांकडं जाऊन या. बोलून, समजावून, स्टिकर देऊन कडक शी मऊ होत नाही, हे मी समुपदेशक असूनही सांगते. शिवाय काही गोष्टी डॉक्टरांनीच बघायच्या असतात. जन्मल्यावर पहिली काळी शी व्हायला ४८ तासांहून जास्त लागले होते का, अगदी पहिल्या महिन्यापासून त्रास आहे का, वजन वाढत नाही का, पोट फुगून टणक होतंय का, हिरवी उलटी, पायांत ताकद कमी, यातलं काहीही असेल तर माझ्याकडं वेळ घालवू नका, थेट डॉक्टर. चिमीला यातलं काही नव्हतं, बहुतेक मुलांना नसतंच.

डॉक्टरांनी पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर दिली, पहिले काही दिवस जास्त डोस, आत साठलेलं सगळं निघेपर्यंत, आणि मग रोजचा कमी डोस. ही पावडर शीमध्ये पाणी धरून ठेवते, रक्तात जवळजवळ जात नाही, आणि तिची सवय लागत नाही. ही तिसरी गोष्ट मी प्रत्येक घरात पुन्हा पुन्हा सांगते कारण गाडी इथंच घसरते. चिमीच्या घरीपण घसरलीच. आठ-दहा दिवसांत शी मऊ झाली, रोज व्हायला लागली, आणि शेजारीण म्हणाली लहान पोराला रोज जुलाबाचं औषध देतात होय, आतडी ढिली पडतात. झालं, बंद. दोन आठवड्यांत चिमी पुन्हा पडद्यामागं.

त्यातच चड्डीला पातळ पातळ डाग लागायला लागले, दिवसातनं तीन-चार वेळा. आईला वाटलं लूज मोशन. मग नुसता दहीभात, औषध तर आधीच बंद. पण ते जुलाब नव्हते, आत कडक गोळा अडकून बसला की वरची पातळ शी त्याच्या कडेनं झिरपते, आणि मुलाला ती कळतही नाही, कारण ताणून ताणून गुदाशय, म्हंजे शी साठते तो आतड्याचा शेवटचा भाग, मोठं झालेलं असतं आणि शी आल्याची जाणीवच बोथट झालेली असते. म्हणून चड्डी खराब झाली म्हणून रागावणं म्हंजे तिनं न केलेल्या गोष्टीसाठी रागावणं. ताणलेला भाग पूर्ववत व्हायला महिने लागतात, म्हणून औषध निदान दोन महिने तरी चालतं, बऱ्याचदा जास्त, आणि त्रास पूर्ण थांबून महिनाभर झाल्यावर डॉक्टर हळूहळू कमी करतात. परत डॉक्टरांकडं गेले, परत पहिल्यापासून. या वेळी बाबांना सोबत बोलावलं आणि हे सगळं त्यांना चित्र काढून समजावलं, त्यानंतर औषध एकदाही चुकलं नाही, उलट बाबाच शेजारणीला तेच समजावून सांगायला लागले.

खाण्याचं थोडक्यात. चिमी दिवसाला चार बाटल्या दूध प्यायची, बिस्किटं त्यात बुडवून, आणि जेवायला पांढरा भात. दूध अर्ध्या लिटरच्या आत आणलं, बाटली बंद करून कप. भाजीच्या रश्शात कुस्करलेली ज्वारीची भाकरी, सकाळी नाचणीची आंबील, पेरू, पपई, भिजवलेल्या काळ्या मनुका, आणि पाणी. पण नुसत्या खाण्यावर विसंबून औषध सोडू नका, अडकलेला गोळा पपईनं निघत नाही.

शी मऊ होऊन, न रडता होते असं बरेच दिवस बघितल्यावरच ट्रेनिंगला हात घातला. आधी एवढंच की डायपर घाल, पण शी बाथरूममध्ये जाऊन कर, उभी राहून केलीस तरी चालेल. ते जमल्यावर डायपर घालूनच पॉटीवर बसायचं. पण पॉटी बघितली की चिमी अजूनही आखडायची. इथं आजी कामाला आल्या. मी सहज विचारलं, आजी, तुमची पोरं लहान असताना कशी बसवायचा? "पायावर की, अशी." म्हणून तिथंच जमिनीवर पाय पसरून बसल्या आणि दोन पावलांच्या मधे चिमीला उकिडवं बसवून दाखवलं. गुडघे कमरेच्या वर, पाठ थोडी पुढं, पायाला आधार, डॉक्टर जी पोझिशन सांगतात नेमकी तीच! विलायती कमोडवर पोरांचे पाय लोंबकळतात, त्यापेक्षा हे कितीतरी बरं. ज्यांच्याकडं कमोडच आहे त्यांनी पायाखाली छोटा पाट द्या.

मग रोज दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर, कारण पोटात अन्न गेलं की आतडं आपोआप हलतं, पाचेक मिनिटं आजीच्या पायावर. झाली तर झाली, नाही झाली तर उठायचं. गप्पा चालायच्या, म्हशीच्या, शेताच्या. स्टिकर बसण्यासाठी मिळायचा, शी झाल्याबद्दल नाही, कारण बसणं पोराच्या हातात असतं. कुंदा आजोबांनी स्वतःच खाल्ला. काही दिवसांनी डायपर ढिला, मग नुसता खाली अंथरलेला, मग नाही. आणि आजीच्या पायावरनं पॉटीवर ती एका लग्नाच्या गडबडीत आपणच गेली, कुणी सांगितलं नव्हतं.

शाळा तिनं जूनऐवजी दिवाळीनंतर सुरू केली. शाळेतल्या संडासात ती अजून जात नाही, घरी आल्यावरच जाते, आणि आईला आता याची काळजी लागलीय. मी म्हटलं, घरी रोज, मऊ आणि न दुखता होतेय ना, मग शाळेचं इतक्यात काढू नका, फक्त बाईंना एवढं सांगून ठेवा की तिनं बाहेर जायचं म्हटलं तर थांबवू नका. पावडरचा डोस अर्ध्यावर आलाय, पुढं किती आणि कधी कमी करायचा ते डॉक्टर सांगतील.