आजीचे बदाम आणि मेंदूचे आरोग्य

प्रिय सई,

अनेक आशीर्वाद.

मागच्या आठवड्यात फोनवर तू विचारलेस की, परीक्षा जवळ आली की आजी रोज सकाळी भिजवलेले बदाम सोलून हातावर का ठेवते, रात्री जेवण होताच शतपावलीचा आग्रह का धरते आणि दिवेलागणीला सगळ्यांनी एकत्र बसून श्लोक म्हटलेच पाहिजेत असे तिला का वाटते. मग जरा अडखळत असेही विचारलेस की, या सगळ्याचा मेंदूशी खरोखर काही संबंध आहे, की ही नुसती घरोघरची समजूत आहे. फोनवर दोन वाक्यांत उरकण्यासारखा हा प्रश्न नव्हता, म्हणून सविस्तर लिहितो आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. मिरजेच्या आपल्या घरात बुद्धीसाठी म्हणून जे मुद्दाम दिले जाते त्यात गुण बेताचाच आहे. बुद्धीचे नावही न घेता जे रोज केले जाते त्यात तो पुष्कळ आहे. त्या घराच्या रीतींत काही उणिवाही आहेत, आणि तू फिनलंडमधल्या ओउलूला गेल्यापासून दूध-दही सोडले असल्यामुळे त्यांतली एक थेट तुझ्या कामाची आहे.

बदामात ई जीवनसत्त्व, प्रथिने आणि चांगल्या प्रकारची चरबी असते, ते भिजवल्याने साल सहज निघते आणि दात नसलेल्या पणजोबांनाही ते चावता येत असत. एवढे सोडले तर भिजवण्यात फारशी जादू नाही, आणि परीक्षेच्या आदल्या पंधरवड्यात खाल्लेल्या बदामांनी कोणाचे गुण वाढत नाहीत. अक्रोडाचा आकार मेंदूसारखा आहे म्हणून तो मेंदूला चांगला, हे तर निव्वळ योगायोगावर रचलेले शास्त्र आहे. त्यात ओमेगा-3 प्रकारातले एक मेदाम्ल असते हे खरे, पण मेंदूच्या पेशींच्या आवरणात जे प्रामुख्याने लागते ते डीएचए नावाचे मेदाम्ल निराळे असते, आणि अक्रोडातल्या मेदाम्लापासून ते तयार करण्याची आपल्या शरीराची क्षमता अगदी थोडी आहे. डीएचए तयार स्वरूपात मिळते ते मुख्यतः तेलकट माशांत. कोकणात आणि गोव्यात गरिबाच्या ताटातही बांगडा आणि तारली असतात. त्यांना कोणी बुद्धिवर्धक म्हणत नाही, कारण ते स्वस्त आहेत. तू मासे खात नाहीस, तेव्हा तुझ्यासाठी दोन वाटा उरतात. शेवाळापासून काढलेल्या डीएचएच्या गोळ्या इथे सहज मिळतात, आणि जवसाची चटणी तर तुला आवडतेच. मात्र जवस अख्खे खाल्ले तर बरेचसे न पचताच बाहेर पडतात. म्हणून ते कोरड्या कढईत तडतडेपर्यंत भाजून, लसूण, सुकी मिरची, जिरे आणि मीठ घालून भरड वाटावेत. वाटलेल्या जवसाचे तेल लवकर खवट होते, म्हणून आजी एका वेळी लहान बरणीपुरतीच चटणी करते आणि संपली की पुन्हा कढई चढवते.

आजीच्या ताटाकडे तू कधी नीट पाहिले आहेस का? डाव्या हाताला वर मीठ, शेजारी लिंबाची फोड, मग चटणी आणि कोशिंबीर, उजवीकडे भाजी आणि आमटी. ती फोड केवळ शोभेची किंवा चवीपुरती नसते. पालेभाजी, डाळी आणि बाजरी यांतले लोह शरीरात शोषले जाणे कठीण असते, आणि लिंबातले क जीवनसत्त्व ते काम सोपे करते. लोह कमी पडले की लक्ष लागत नाही, थकवा येतो, मन चिडचिडे होते, आणि आपल्याकडे ही कमतरता अतिशय पसरलेली आहे. 2019 ते 2021 या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. मात्र जेवून उठल्याबरोबर चहा घेण्याची आपली जी दुसरी रीत आहे ती लिंबाने कमावलेले बरेचसे घालवते, कारण चहातली द्रव्ये लोहाला अडवतात. तेव्हा फोड पिळत जा आणि चहा तासभर पुढे ढकल.

आता उणिवेकडे येतो. बी-12 हे जीवनसत्त्व वनस्पतींत नसते. आपल्या घरासारख्या शाकाहारी घरांत ते केवळ दूध, दही, ताक यांतून येते, आणि पुष्कळदा तेही पुरत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातल्या वरवर निरोगी, मध्यमवयीन पुरुषांचे रक्त तपासले, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश जणांत बी-12 कमी निघाले. ही कमतरता फसवी असते. यकृतात साठा असल्यामुळे ती काही वर्षे कळतच नाही. पालेभाज्या आणि डाळींतून फोलेट हे दुसरे जीवनसत्त्व भरपूर मिळत असल्यामुळे रक्तक्षयाची खूणही झाकली जाऊ शकते, आणि तोवर मज्जातंतूंची हानी चालू राहते. हातापायांना मुंग्या येणे, विसरायला होणे, उगाच उदास वाटणे या तक्रारी घेऊन माणूस येतो आणि घरचे म्हणतात, वय झाले. आजीलाही आम्ही असेच म्हणत होतो. ती मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेते, आणि त्या औषधानेही बी-12 कमी होऊ शकते. आता तिला डॉक्टरांनी त्याची गोळी सुरू केली आहे.

तू दूध सोडलेस याला माझा विरोध नाही, पण बी-12ची गोळी ही तुझ्यासाठी हौसेची नव्हे, गरजेची गोष्ट आहे. इडली आंबवलेली असते म्हणून, किंवा स्पिरुलिना या शेवाळात बी-12 असते असे कुठे वाचले म्हणून, त्यावर विसंबून राहू नकोस. त्यातून उपयोगी पडेल असे बी-12 भरवशाने मिळत नाही. ओटच्या दुधाच्या खोक्यावरचा मजकूर वाचत जा, कारण साध्या प्रकारात जीवनसत्त्वे घातलेली असतात आणि सेंद्रिय म्हणून विकल्या जाणाऱ्यात बहुधा नसतात. आयोडीनकडेही लक्ष असू दे. आजी साधे आयोडीनयुक्त मीठ वापरते तेच बरे आहे. गुलाबी किंवा सैंधव मिठाची सध्याची फॅशन त्या बाबतीत कुचकामी आहे.

तुपाबद्दल तू विचारले नाहीस, पण आजीने तुला ऐकवले असेलच की तुपाने बुद्धी तल्लख होते. वरणभातावर चमचाभर तूप घालायला माझी काहीच हरकत नाही, उलट त्यावाचून वरणभात हा वरणभातच नव्हे. तरीही ते औषध म्हणून खाण्याचा पदार्थ नाही, आणि हे आपण ज्या देशात राहतो त्या देशाकडून शिकता येते. पूर्व फिनलंडमधल्या नॉर्थ करेलियात एके काळी लोक लोण्यावर आणि मिठावर जगत असत आणि ऐन चाळिशी-पन्नाशीतले पुरुष हृदयविकाराने जात असत. 1972 मध्ये तरुण डॉक्टर पेक्का पुस्का यांच्या नेतृत्वाखाली तिथे गावोगावी आहार बदलण्याची मोहीम सुरू झाली, आणि पुढच्या काही दशकांत काम करण्याच्या वयातल्या पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू 80 टक्क्यांहून अधिक घटले. मेंदूलाही तशाच रक्तवाहिन्या रक्त पुरवतात, त्यामुळे रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल यांचा हिशेब म्हातारपणी स्मरणशक्तीच्या खात्यातही मांडला जातो. आपल्या जेवणातले लोणचे, पापड आणि सांडगे या हिशेबात तुपापेक्षाही जास्त महाग पडत असावेत असे मला वाटते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते, आणि आपल्या पंगतीत तेवढे मीठ पहिल्या वाढपातच पोटात जाते.

याच फिनलंडमध्ये पुढे प्राध्यापक मिया किविपेल्तो यांनी 60 ते 77 वयाच्या 1,260 लोकांवर एक मोठा प्रयोग केला, ज्याला फिंगर या नावाने ओळखतात. निम्म्या लोकांना दोन वर्षे आहार, व्यायाम, बुद्धीचा सराव आणि रक्तदाबादी गोष्टींची देखरेख असे सगळे एकत्र दिले, उरलेल्यांना नेहमीचा आरोग्यसल्ला दिला. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या गटाच्या एकूण बौद्धिक चाचण्यांतली सुधारणा दुसऱ्या गटापेक्षा 25 टक्के अधिक होती. त्या प्रयोगात कोणत्याही एका पदार्थाला नायकाची भूमिका नव्हती. आजीच्या बदामांना मिळणारे श्रेय मला जास्त वाटते ते याच कारणाने, आणि तिच्या दिनक्रमाला मिळणारे कमी.

तो दिनक्रम आता एकदा डोळ्यांपुढे आण. सूर्य मावळला की देवापाशी दिवा, त्यानंतर तासाभरात जेवण, मग अंगणातून तुळशीपासून फाटकापर्यंत फेऱ्या, आणि दहाच्या आत अंथरूण. शतपावली म्हणजे मोजून शंभर पावले असे कोणी धरत नाही. आजी चांगली दहा-पंधरा मिनिटे चालते. जेवणानंतर लगेच असे चालल्याने स्नायू रक्तातली साखर वापरू लागतात आणि जेवणानंतरची चढती साखर आटोक्यात राहते. आपल्या घराण्यात मधुमेह आहे, आणि मधुमेह हा स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या कारणांपैकी एक आहे. तेव्हा ही फेरी तुझ्यासाठीही आहे. ओउलूत उणे पंधरात अंगण कुठले, असे तू म्हणशील. वसतिगृहाचे जिने चढ-उतर केलेस तरी चालेल.

झोपेबाबत मात्र मी आजीपेक्षाही कडक आहे. दिवसा वाचलेले मेंदू रात्री झोपेत पक्के करतो, म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्रीचे जागरण म्हणजे केलेला अभ्यास स्वतःच्या हाताने पुसणे आहे. तुझ्या वयाला किमान सात-आठ तास हवेतच. ओउलूत डिसेंबरमध्ये दिवस जेमतेम साडेतीन तासांचा असतो आणि त्या अंधाराचा मनावर परिणाम होतो, हे इथले लोक लाज न बाळगता बोलून दाखवतात. आजीच्या रीतींत यावर उपाय नाही, कारण मिरजेला उन्हाची वाण कधी पडलीच नाही. इथल्यांची रीत उचल: सकाळी उठल्यावर अर्धा तास 10,000 लक्स इतक्या प्रखर उजेडाच्या दिव्यासमोर बसून न्याहारी कर आणि दुपारी जो काही उजेड असेल त्यात बाहेर पड. ड जीवनसत्त्वाची 10 मायक्रोग्रॅमची गोळीही घे. तिने मन प्रसन्न होईल अशी हमी नाही, पण हाडांना ती लागतेच.

राहता राहिले श्लोक. पाठांतराने जे पाठ केले ते पाठ होते. त्यामुळे रसायनशास्त्राची सूत्रे आपोआप लक्षात राहू लागत नाहीत. आजोबांना पावकी-निमकीचे पाढे तोंडपाठ होते आणि चष्मा मात्र रोज शोधावा लागे. श्लोकांचा उपयोग मला निराळाच दिसतो. घरातली सगळी माणसे दिवसातून एकदा एका ठिकाणी बसतात, एका लयीत श्वास घेतात आणि कोण गप्प आहे हे आजीच्या नजरेला येते. एकाकीपणा हा केवळ मनाचा सल नसून मेंदूचाही शत्रू आहे. लॅन्सेट या नियतकालिकाच्या अभ्यासगटाने 2024 मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी 14 कारणे मांडली, त्यांत उच्च रक्तदाब आणि मधुमेहाबरोबर नैराश्य, बहिरेपण आणि समाजापासून तुटलेपण हीही आहेत, आणि ही सगळी दूर करता आली तर जवळजवळ 45 टक्के रुग्णांचा आजार टाळता किंवा लांबवता येईल असा त्यांचा अंदाज आहे. या दृष्टीने भजनी मंडळ, भिशी आणि संध्याकाळचा कट्टा यांचे मोल मी बदामांपेक्षा कितीतरी जास्त मानतो.

पण या एकत्र येण्यातही आपल्या लोकांनी कोणाकोणाला बाहेर ठेवले हे तुला ठाऊक असावे. हळदीकुंकवाला गावातल्या साऱ्या बायका जमायच्या आणि नवरा गेलेली बाई, जिला सोबतीची सर्वांत जास्त गरज, ती आतल्या खोलीत बसायची. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाच्या ग्रामसभेने मे 2022 मध्ये विधवांसंबंधीच्या अशा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि मग राज्यातल्या इतर गावांनीही तो मार्ग धरला. आजोबा गेल्यावर तुझ्या आजीने कुंकू लावणे सोडले नाही, यावर नातेवाईकांत बरीच कुजबुज झाली होती. तिची तब्येत आणि डोके आज शाबूत आहे त्यात या हट्टाचा वाटा मोठा आहे, असे मला मनापासून वाटते.

आणखी एका बाबतीत आपल्या रीती अपुऱ्या आहेत. आपल्याकडे मन दुखावले तर "मनाला लावून घेऊ नकोस" आणि झोप उडाली तर "फार विचार करतेस" एवढ्यावर विषय संपतो. पुढे डॉक्टरकडे जाणे म्हणजे वेड लागणे असे अजूनही पुष्कळ घरांत मानतात. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली, आणि भारत सरकारची टेली-मानस ही फोनसेवा 2022 पासून 14416 या क्रमांकावर मराठीतूनही बोलते. चित्र बदलते आहे, पण आपल्या नातलगांपर्यंत ते पूर्णपणे पोचलेले नाही. म्हणून माझ्याकडून स्पष्ट ऐक. दोन आठवडे सलग मन लागत नसेल, जेवणाची इच्छा नसेल, झोप लागत नसेल किंवा लागलेली संपतच नसेल, तर चटणी, चालणे आणि दिवा यांच्यावर भिस्त न ठेवता विद्यापीठाच्या आरोग्यसेवेत वेळ घे, आणि आम्हाला त्याच दिवशी फोन कर. आईला आधी सांगितलेस तरी मला वाईट वाटणार नाही.

नाताळच्या सुट्टीत येशील तेव्हा बी-12 आणि फेरिटिनची, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची, तपासणी करून घेऊ. दूध सोडल्याचे आजीला अजून कोणी सांगितलेले नाही; ते मी सांगेन, पण ताकाच्या कढीबद्दल ती जे बोलेल ते तुझे तुलाच ऐकून घ्यावे लागेल.

तुझा,
बाबा