हार्मोन प्रोफाइलमध्ये प्रोलॅक्टिन आणि टीएसएच वाढलेलं आलंय, काय समजायचं?

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं: वय २६, पाळी दीड-दोन महिन्यांनी येते, हनुवटीवर जाड केस यायला लागलेत. डॉक्टरांनी हार्मोनच्या तपासण्या लिहून दिल्या, लॅबचा मुलगा सकाळी घरी येऊन रक्त घेऊन गेला आणि संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट आला. एलएच १२.४, एफएसएच ५.८, प्रोलॅक्टिन ३४, टीएसएच ५.९, टोटल टेस्टोस्टेरॉन ५२, एएमएच ७.२. यातलं प्रोलॅक्टिन आणि टीएसएच ठळक छापलंय. डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यातली आहे. तोवर नेटवर वाचताना मेंदूत गाठ, वंध्यत्व असं काय काय समोर आलं आणि झोप उडाली. त्यात आईने विचारलं, पुढे मूल होईल ना?

मी सांगलीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. हार्मोनच्या तपासण्या ज्या यंत्रावर होतात ते यंत्र माझ्याकडे असतं. निदान करणं माझं काम नाही, ते तुमच्या डॉक्टरच करतील. पण हा आकडा कशाकशाने वरखाली होतो हे मला जवळून माहीत आहे, आणि तुमच्या रिपोर्टमध्ये घाबरण्यापेक्षा विचारण्यासारखं जास्त आहे असं मला मनापासून वाटतं.

ठळक अक्षरं क्षणभर बाजूला ठेवा आणि रिपोर्टचा वरचा भाग बघा. तिथे तुमच्या नावाखाली तीन वेळा छापलेल्या असतात: सॅम्पल कधी घेतलं, लॅबमध्ये कधी पोचलं आणि रिपोर्ट कधी तयार झाला. पहिली वेळ महत्त्वाची. तुमची सकाळी ६.५० आहे, आणि तुम्हीच लिहिलंय की बेल वाजली म्हणून उठून दार उघडलं. प्रोलॅक्टिन, म्हणजे स्तनात दूध आणणारं हार्मोन, झोपेत वाढतं आणि उठल्यावर खाली यायला वेळ लागतो. म्हणून उठल्यावर निदान दोन-तीन तासांनी रक्त द्यावं, त्याआधी थोडं शांत बसावं असं आम्ही सांगतो. सुईच्या भीतीने, धावपळीने, आदल्या संध्याकाळच्या जोरदार व्यायामानेही ते थोडं चढतं. बहुतेक लॅबमध्ये गरोदर नसलेल्या बाईसाठी वरची मर्यादा २५ नॅनोग्रॅमच्या आसपास असते. दारात उभं राहून, झोपेतून उठून दिलेल्या रक्तात ३४ येणं यात काहीच विशेष नाही.

त्याच वरच्या भागात ‘एलएमपी’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे शेवटची पाळी सुरू झाली ती तारीख. घरून घेतलेल्या सॅम्पलमध्ये ही जागा पुष्कळदा कोरीच असते, कारण रक्त घ्यायला आलेला मुलगा संकोचाने विचारत नाही आणि आपणही सांगत नाही. मला याचा फार त्रास होतो. एलएच आणि एफएसएच ही बीजांड वाढवणारी आणि सोडवणारी दोन्ही हार्मोन्स मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतात आणि पाळीच्या महिन्यात त्यांची चाल रोज बदलते. बीजांड सुटायच्या आधी एक-दोन दिवस एलएच एकदम कितीतरी पटीने उसळतं. म्हणूनच रिपोर्टमध्ये एलएचच्या समोर एक नाही तर चार मर्यादा छापलेल्या दिसतात: पाळीनंतरचा पहिला टप्पा, मधला, नंतरचा, आणि पाळी कायमची थांबल्यानंतरचा. रक्त कुठल्या दिवशी घेतलं हे माहीत नसेल तर यातली कुठली ओळ वाचायची हे कुणालाच सांगता येत नाही. डॉक्टर साधारणपणे पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसात रक्त द्यायला सांगतात ते यासाठी. तुमचं १२.४ हे दुसऱ्या दिवशीचं असेल तर वरच्या बाजूला आहे, बीजांड सुटायच्या सुमाराचं असेल तर त्यात काहीच नाही. ती तारीख आठवून लिहून ठेवा.

नेटवर तुम्हाला एलएच आणि एफएसएच यांचं गुणोत्तर दोनाच्या वर गेलं म्हणजे पीसीओडी (हार्मोन बिघडून बीजांड वेळेवर न सुटण्याचा त्रास) असंही वाचायला मिळालं असेल. ही जुनी समजूत आहे. २००३ साली रॉटरडॅममध्ये तज्ज्ञांनी जे निकष ठरवले त्यात हे गुणोत्तर नाही. तीन गोष्टींपैकी दोन असाव्या लागतात: पाळी अनियमित असणं; टेस्टोस्टेरॉनसारखं पुरुषी हार्मोन जास्त असल्याची खूण, मग ती रक्तात दिसो किंवा जाड केसांसारख्या अंगावरच्या लक्षणात; आणि सोनोग्राफीत बीजांडकोशात भरपूर छोट्या पुटकुळ्या दिसणं. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने प्रौढ बायकांसाठी (किशोरवयीन मुलींसाठी नव्हे) सोनोग्राफीऐवजी एएमएच, म्हणजे बीजांडांच्या साठ्याचा अंदाज देणारं हार्मोन, वापरायलाही मुभा दिली. पण हे सगळं ठरवायच्या आधी थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन या दोन्हींची भानगड नाही ना, हे बघावंच लागतं, कारण या दोन्हींमुळेही पाळी लांबते. आणि तुमच्या रिपोर्टमध्ये नेमके हेच दोन आकडे वाढलेत. त्यामुळे तुम्हाला पीसीओडी असेलही, पण आज या एका कागदावरून कुणी तसं म्हणालं तर ते घाईचं होईल.

आता गोळ्यांकडे येते, कारण तुमच्या प्रश्नातल्या एका ओळीवर माझी नजर अडकली. तुम्ही ॲसिडिटीसाठी रोज सकाळी उपाशीपोटी एक कॅप्सूल घेता असं सहज लिहून गेलात. त्या पाकिटाची मागची बाजू वाचा. आपल्याकडे या कॅप्सूलमध्ये पुष्कळदा पॅन्टोप्राझोलच्या जोडीला डोमपेरिडोन असतं. डोमपेरिडोन डोपामाइन या मेंदूतल्या रसायनाला अडवतं, आणि प्रोलॅक्टिनला एरवी लगाम घालणारा डोपामाइनच असतो. लगाम सुटला की प्रोलॅक्टिन वाढतं, कधीकधी तर शंभराच्याही पुढे जातं. म्हणजे पोटाच्या कॅप्सूलमुळे पाळी लांबली, आणि कॅप्सूल कुणाच्या ध्यानीमनीही नाही, असं होऊ शकतं. उलटीवरची मेटोक्लोप्रामाइड आणि मनोविकारावरची काही औषधंही हेच करतात. यातली मनोविकाराची औषधं स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करायची नाहीत, हे मी आवर्जून सांगते. तुमच्या कॅप्सूलबद्दलही डॉक्टरांना विचारूनच ठरवा, पण पाकीट सोबत न्या.

दुसरी वस्तू केसांसाठीच्या बायोटिनच्या गोळ्या. बऱ्याच यंत्रांमध्ये तपासणीची रसायनं बायोटिनच्याच चिकटपणावर बेतलेली असतात. रक्तात बायोटिन जास्त झालं की त्या यंत्रांवर टीएसएच, एलएच, प्रोलॅक्टिन खरे आहेत त्यापेक्षा कमी दिसू शकतात आणि थायरॉक्सिन (थायरॉईडचं हार्मोन), टेस्टोस्टेरॉन जास्त. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्ये याबद्दल सावध केलं होतं. सगळ्या यंत्रांना हे लागू नाही. तुमच्या लॅबला फोन करून विचारा, ते सांगतील. पुन्हा रक्त द्यायचं झालं तर बायोटिन निदान दोन दिवस आधी बंद ठेवणं चांगलं, डोस मोठा असेल तर जास्त दिवस. तुम्ही गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर तेही सांगा. त्यांच्यामुळे टेस्टोस्टेरॉन दबतं, म्हणून ते नीट मोजायचं असेल तर गोळ्या बंद करून साधारण तीन महिने थांबावं लागतं.

टीएसएचकडे वळू. हे थायरॉईडचं हार्मोन नाही, थायरॉईडला काम सांगणारं पिट्युटरीचं हार्मोन आहे. थायरॉईड मागे पडायला लागली की वरून हाक मोठी होते, म्हणून टीएसएच वाढणं म्हणजे थायरॉईड सुस्तावणं. वरची मर्यादा लॅबप्रमाणे ४ ते ४.५ च्या आसपास. तुमचं ५.९ थोडंच वर आहे. टीएसएचही रात्रीपासून पहाटेपर्यंत जास्त असतं आणि दुपारी उतरतं, त्यामुळे पहाटेच्या सॅम्पलमध्ये ते थोडं फुगून दिसतं. अशा वेळी डॉक्टर साधारणपणे दोन-तीन महिन्यांत ते पुन्हा करून बघतात, सोबत फ्री टी-४ (रक्तातलं मोकळं थायरॉक्सिन) आणि अँटी-टीपीओ (थायरॉईडविरुद्धची प्रतिपिंडं) सांगतात. टी-४ नीट असेल आणि फक्त टीएसएच थोडं वर असेल तर लगेच गोळी लागेलच असं नाही, ते वय, लक्षणं, गर्भधारणेचा विचार यावर ठरतं. आणखी एक, थायरॉईड खरंच सुस्त असेल तर त्यापायी प्रोलॅक्टिनही वाढू शकतं. मग थायरॉईडवर उपचार केला की प्रोलॅक्टिन आपोआप खाली येतं. दोन वाढलेले आकडे म्हणजे दोन आजार असं नसतं, ते मी यासाठी सांगतेय.

मेंदूतली गाठ, जिच्यामुळे तुमची झोप उडालीय: पिट्युटरीतली मोठी गाठ प्रोलॅक्टिन बनवत असेल तर आकडा सहसा २०० च्या वर जातो. छोट्या गाठीत तो त्याहून कमी असू शकतो. म्हणून क्रम असा असतो की आधी वेळ पाळून, डॉक्टरांना विचारून औषध बाजूला ठेवून पुन्हा तपासायचं, थायरॉईड बघायचं, गरोदरपण नाही ना हे बघायचं. तरीही वाढलेलंच राहिलं तर मॅक्रोप्रोलॅक्टिन वगळायचं, म्हणजे प्रोलॅक्टिनचा असा जडसर प्रकार जो यंत्रात मोजला जातो पण शरीरात फारसा काही करत नाही. एमआरआय त्यानंतर येतो. मात्र बाळ नसताना स्तनातून दूध येत असेल, किंवा डोकं सतत दुखतंय आणि दोन्ही बाजूंचं कडेचं दिसेनासं झालंय असं असेल, तर पुढच्या आठवड्याची वाट बघू नका. आवाज एकाएकी घोगरा होणं, केस झपाट्याने वाढणं यासाठीही तेच.

टेस्टोस्टेरॉन ५२ आहे, मर्यादा ७० पर्यंत, म्हणून ते ठळक नाही. पण हे टोटल आहे. रक्तात बरंचसं टेस्टोस्टेरॉन एसएचबीजी नावाच्या प्रथिनाला बांधलेलं असतं आणि काम करतं ते मोकळं. इन्सुलिन जास्त असलेल्या बायकांत एसएचबीजी कमी होतं, मग टोटल नॉर्मल दिसूनही मोकळं जास्त असू शकतं. शिवाय बायकांच्या रक्तात हे हार्मोन इतकं थोडं असतं की साध्या यंत्रावर त्या पातळीला मोजणी काटेकोर होत नाही. तेव्हा हनुवटीवरचे केस हा पुरावा तुमच्या ५२ या आकड्याइतकाच मोलाचा आहे. डॉक्टरांना संकोच न करता दाखवा, थ्रेडिंग करून जाऊ नका.

आणि मर्यादा म्हणजे तरी काय? निरोगी माणसांपैकी ९५ टक्के ज्यात बसतात तो पट्टा. उरलेले ५ टक्के निरोगी असूनही बाहेर पडतात. मोठ्या पॅकेजमध्ये एकमेकांशी संबंध नसलेल्या बारा तपासण्या केल्या तर धडधाकट माणसाचाही एखादा तरी आकडा ठळक छापून येण्याची शक्यता ४६ टक्के असते. म्हणून जाहिरातीतली भलीमोठी ‘हार्मोन बॅलन्स’ पॅकेजं घेऊ नका असं मी ओळखीच्या सगळ्या मुलींना सांगते. डॉक्टरांनी ज्यासाठी सांगितलंय तेवढंच करा. तुमच्या बाबतीत त्यांना साखरेची तपासणी, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन करतात ती, आणि १७-ओएच प्रोजेस्टेरॉन (ॲड्रिनल ग्रंथीचा एक जन्मजात दोष नाही ना हे बघणारी तपासणी) हवं वाटेल कदाचित. त्यांची कारणं आहेत. बीजांड सुटलं का हे बघणारं ‘एकविसाव्या दिवशीचं प्रोजेस्टेरॉन’ मात्र तुमच्यासाठी नाही. ते अठ्ठावीस दिवसांच्या पाळीचं गणित आहे, खरा नियम पुढची पाळी येण्याच्या सात दिवस आधी असा आहे.

पुन्हा तपासणी करायची ठरली तर शक्यतो त्याच लॅबमध्ये करा, कारण यंत्र बदललं की आकडा थोडा बदलतो. एककही बघा: प्रोलॅक्टिनचे ३४ नॅनोग्रॅम हे दुसऱ्या एककात सातशेच्या पुढे दिसतात आणि उगीच धडकी भरते. पाळीला दोन महिने होत आले असतील आणि गरोदरपणाची थोडीही शक्यता असेल तर आजच मेडिकलमधून स्ट्रिप आणून ती तपासणी आधी करा, कारण त्यातही प्रोलॅक्टिन वाढतं आणि बाकी सगळ्या आकड्यांचा अर्थ बदलतो. तीन महिन्यांच्या वर पाळी आली नाही तरी दाखवायला हवं. फार काळ पाळी न आल्यास गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं, त्यावर गोळ्या देऊन पाळी आणतात.

आता आईचा प्रश्न. ७.२ हे एएमएच म्हणजे बीजांडांचा साठा चांगला आहे. पीसीओडीत ते वाढतं, पण ते वाढणं म्हणजे मूल न होणं नव्हे. अडचण असते ती बीजांड वेळच्या वेळी न सुटण्याची, आणि त्यावर लेट्रोझोलसारखी औषधं आहेत, त्यांनी अनेकींना मुलं झाली आहेत. थायरॉईड किंवा प्रोलॅक्टिन हेच कारण निघालं तर ते दुरुस्त झाल्यावर पाळी बहुधा स्वतःहून रुळावर येते. आईला हे वाचून दाखवा, आणि डॉक्टरांकडे जाताना त्यांना सोबत न्या.