परदेशातील तंबू आणि गॅसची टाकी

प्रश्न : आम्ही सहकुटुंब युरोपात गाडीने फिरून तंबूत राहणार आहोत. घरची ५ किलोची टाकी नेऊन तिकडे भरून घेता येईल का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : टाकी मुळीच नेऊ नये, विमानात तिला मनाई आहे. शिवाय युरोपात देशागणिक टाकीचे तोंड व रेग्युलेटर बदलत असल्याने एका देशातली टाकी सीमेपलीकडे बहुधा भरून मिळत नाही. कॅम्पिंगॅझ या ब्रँडच्या निळ्या टाक्या मात्र अनेक देशांत बदलून मिळतात. टाकीत ब्युटेन किंवा प्रोपेन हा वायू असतो; थंडी असेल तर प्रोपेनच मागावा, कारण ब्युटेनचा वायू होणे शून्य अंशाच्या आसपासच थांबते, तर प्रोपेनचा उत्कलनबिंदू उणे ४२ अंश आहे. आणि कोणी कितीही आग्रह केला, तरी टाकी ८० टक्क्यांहून अधिक भरू देऊ नका. उन्हात द्रव फुगतो, त्याला जागा लागते.