मोडशीने माणूस दगावतो का?

लष्कर नावाच्या भागातल्या, म्हणजे आमच्या ग्वाल्हेरच्याच, एका ताईंनी विचारले आहे. त्यांच्या घरच्या जुन्या मोडी वहीत पणजोबांच्या नावापुढे नोंद आहे: ‘शके 1822 ज्येष्ठ वद्य 4, रात्रौ मोडसी होऊन प्रहर दिवसास वारले.’ तीन दिवसांनी पणजोबांच्या धाकट्या भावजयीपुढेही तोच शब्द. ताई म्हणतात, मोडशी म्हणजे पोट जड होणे, ओवा चावला की उतरते. तिने दोन माणसे कशी जातील? घरात तर अशी कुजबूज चालत आली आहे की जेवणातूनच काही गेले असावे, आणि स्वयंपाक पणजीबाईंचा होता.

ताई, ही मोडशी म्हणजे पटकी. आज ज्याला आपण कॉलरा म्हणतो आणि इथले शेजारीपाजारी हैजा म्हणतात, तो रोग.

शब्द ‘मोडणे’वरून आला असे मानतात. माणूस मोडून पडतो, ती मोडशी. सोळाव्या शतकात गोव्यात आलेल्या पोर्तुगिजांनी तो इथल्या लोकांच्या तोंडून उचलला. 1543 साली गोव्यात या रोगाची भयंकर साथ आली. मेलेल्यांसाठी चर्चच्या घंटा इतक्या वाजू लागल्या की लोक घाबरतील म्हणून गव्हर्नरने त्या बंद करायला लावल्या. हे टिपून ठेवणाऱ्या पोर्तुगीज इतिहासकार गास्पार कोरैयाने रोगाचे नाव ‘मोरिशी’ असे दिले आहे. पुढे 1563 मध्ये वैद्य गार्सिया द ओर्ता यांनीही या रोगाचे वर्णन केले. पोर्तुगीज तोंडी त्याचे ‘मोर्देशी’ झाले, आणि फ्रेंचांनी तर त्यातून ‘मोर द श्यां’ काढले. त्याचा अर्थ ‘कुत्र्याचे मरण’. मूळ मराठी शब्दात कुत्राही नाही आणि मरणही नाही, पण ऐकणाऱ्यांना रोगाचा धसका किती होता ते यातून कळते.

मग साध्या अपचनाला आणि जीवघेण्या पटकीला एकच नाव कसे? मला या चर्चेत सगळ्यात मोलाचे वाटते ते हेच. माधवनिदान या जुन्या आयुर्वेद ग्रंथात विसूचिका, म्हणजे पटकीसारखा रोग, अजीर्णातूनच उद्भवते असे सांगितले आहे. अंगात सुया टोचल्यासारख्या वेदना, म्हणून ‘सूची’वरून विसूचिका. म्हणजे जुन्या वैद्याच्या लेखी हे दोन वेगळे रोग नव्हतेच. एकाच वाटेवरचे पहिले पाऊल आणि शेवटचे पाऊल होते. पुढे जबर रोगासाठी पटकी, वाखा, महामारी हे शब्द रुळले, आणि मोडशीकडे फक्त पोटदुखी उरली. माझी आजी आम्हाला सुंठ चाटवताना ‘मोडशी झालीय पोराला’ म्हणायची, त्यात भीतीचा लवलेश नसे.

आता तुमची नोंद पुन्हा वाचा. ‘रात्रौ मोडसी होऊन प्रहर दिवसास वारले.’ रात्री सुरू झाले आणि सकाळी नऊच्या सुमारास संपले. धडधाकट माणसाला इतक्या थोड्या वेळात संपवते ती पटकी. जुलाब-उलट्यांतून अंगातले पाणी काही तासांत निघून जाते, डोळे खोल जातात, आवाज बसतो, पायात गोळे येतात, बोटांची कातडी सुरकुतते. शके 1822 चा ज्येष्ठ म्हणजे 1900 चा उन्हाळा. छप्पन्याच्या, म्हणजे संवत 1956 च्या, दुष्काळामागोमाग त्या वर्षी पटकीने गुजरात-राजपुतान्यात थैमान घातले होते. ग्वाल्हेरच्या मुलखालाही ती अनोळखी नव्हती. नोव्हेंबर 1817 मध्ये दौलतराव शिंद्यांना दाबात ठेवायला इंग्रज गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जची फौज आली, तेव्हा तिच्या छावणीत पटकी शिरली आणि त्याला तळ हलवून बेटवेकाठी एरचला न्यावा लागला.

त्याच वहीत पुढे ‘गाठ येऊन’ अशी एक नोंद आहे, ती प्लेगची. 1896 नंतरच्या कागदांत त्यालाच ग्रंथिक सन्निपात असेही म्हटलेले सापडेल.

पणजीबाईंबद्दल एवढेच सांगतो. घरात एकामागून एक माणूस तीन दिवसांच्या अंतराने जाणे ही विषाची खूण नव्हे. पटकी अशीच पसरते, बहुतेक वेळा पिण्याच्या पाण्यातून. जर्मन शास्त्रज्ञ कॉख यांनी 1884 मध्ये कलकत्त्यात त्या जंतूचा माग पक्का केला होता, पण लष्करातल्या एखाद्या माजघरात ते कुणाला ठाऊक असणार? पणजीबाईंनी घागर भरली, पाणी दिले, आणि बहुधा रात्रभर उशाशी बसून राहिल्या.

वहीची देवनागरी प्रत कराल तेव्हा ‘मोडसी’ हा शब्द तसाच ठेवा, ‘सी’सुद्धा बदलू नका. फक्त समासात बारीक अक्षरात ‘पटकी’ लिहा, म्हणजे पुढच्या पिढीत पणजीबाईंवर कुणी संशय घेणार नाही.